नऊ महिन्यांच्या बाळाचे ३० फंडेड तास (इंग्लंड): कोड कधी काढायचा, आणि नवऱ्याचा पगार व व्हिसा आडवा येतो का?

बाळाची आई, रेडिंग

नमस्कार मंडळी. नोकरदार आईवडिलांच्या मुलांना नर्सरीसाठी सरकार आठवड्याला जे ३० फंडेड (सरकारी पैशाचे) तास देतं, त्याबद्दल तीन ठिकाणी तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. ज्यांना नियम नीट माहीत आहेत त्यांनी कृपया सांगावं.

धाकटा ३ मार्च २०२५ चा, म्हणजे येत्या ३ डिसेंबरला नऊ महिन्यांचा होईल. मी मॅटर्निटी लीव्हवर आहे आणि सोमवार, २ फेब्रुवारी २०२६ ला कामावर परत जाणार आहे. माझा पगार वर्षाला ५२,००० पौंड. मोठी मुलगी जून २०२२ ची. तिला सप्टेंबरपासून नर्सरीत आठवड्याला १५ तास मिळतात.

माझ्याकडे आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) आहे. नवरा स्पाउस व्हिसावर आहे आणि त्याच्या ई-व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) असं लिहिलंय. त्याची स्वतःची लिमिटेड कंपनी आहे. त्यातून तो वर्षाला ६,५०० पौंड पगार घेतो, बाकीचं डिव्हिडंड.

माझे प्रश्न असे. जानेवारीपासून बाळाला ३० तास मिळतील ना? नवऱ्याच्या व्हिसामुळे अर्ज अडेल का? आणि नर्सरी म्हणते, तीन दिवस ठेवलं तरी महिन्याला बिल येणारच. ३० तास सरकार देतं तर मग बिल कशाचं?

स्लाऊकर

ताई, तारखांपासून सुरुवात करतो, कारण तुमचं प्रकरण दोन दिवसांनी हुकतंय.

बाळ नऊ महिन्यांचं झालं त्याच दिवशी तास सुरू होत नाहीत. नऊ महिने पूर्ण झाल्यानंतर जी टर्म सुरू होते, तिथून होतात. टर्मच्या तारखा ठरलेल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ सप्टेंबर. शाळा प्रत्यक्षात कधी उघडते याचा संबंध नाही. बाळाचे नऊ महिने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात पूर्ण होतात, म्हणून त्याची पहिली टर्म १ जानेवारी २०२६ ची. इथपर्यंत तुमचं गणित बरोबर आहे.

आता अडचण. ज्या बाळासाठी रजा घेतली आहे त्याच बाळाचे तास हवे असतील, तर टर्मच्या पहिल्या महिन्यातच कामावर परतावं लागतं. १ जानेवारीच्या टर्मसाठी ३१ जानेवारीपर्यंत, १ एप्रिलच्या टर्मसाठी ३० एप्रिलपर्यंत, १ सप्टेंबरच्या टर्मसाठी ३० सप्टेंबरपर्यंत. तुम्ही २ फेब्रुवारीला परतताय. तसंच ठेवलंत तर बाळाचे तास थेट १ एप्रिलला सुरू होतील आणि फेब्रुवारी-मार्चची पूर्ण फी खिशातून जाईल.

यावर उपाय सोपा आहे. मॅटर्निटी लीव्हवर असतानाही तुमची वार्षिक रजा साठत असते. मॅटर्निटी लीव्ह आधी संपवा आणि मधले दिवस वार्षिक रजेत टाका. वार्षिक रजेवर असलेला माणूस या नियमांत कामावर असलेलाच धरतात. म्हणजे मॅटर्निटी लीव्ह रविवार, २५ जानेवारीला संपवायची, २६ ते ३० जानेवारी वार्षिक रजा घ्यायची आणि ऑफिसात पाऊल २ फेब्रुवारीलाच टाकायचं. परतीची तारीख अलीकडे आणण्यासाठी एम्प्लॉयरला आठ आठवड्यांची नोटीस लागते. २६ जानेवारीपासून मागे मोजलं तर १ डिसेंबर येतो. एचआरला ईमेल आत्ताच करा. ‘आय विल एंड माय मॅटर्निटी लीव्ह ऑन’ असं स्पष्ट वाक्य घालून लेखी उत्तर मागा. फोनवर ठरलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

कोड किती तारखेपर्यंत हवा? अर्ज मंजूर झाल्यावर मिळणारा, नर्सरीला द्यायचा अकरा आकडी कोड ३१ डिसेंबर किंवा त्याआधी तुमच्या हातात असला पाहिजे. १ जानेवारीला मिळालेला कोड पुढच्या, म्हणजे एप्रिलच्या टर्मला लागू होतो. एका दिवसाने तीन महिने जातात, आणि दर वर्षी कितीतरी कुटुंबांचं असंच होतं. बाळ २३ आठवड्यांचं झालं की अर्ज करता येतो, पण घाईही करू नका. दर तीन महिन्यांनी माहिती पुन्हा कन्फर्म करावी लागते. सप्टेंबरच्या मध्यात कोड काढला तर डिसेंबरच्या ऐन सुट्टीच्या धामधुमीत कन्फर्म करायची वेळ येते आणि ती चुकते. जानेवारीच्या टर्मसाठी १५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर हा काळ उत्तम. एप्रिलसाठी १५ जानेवारी ते २८ फेब्रुवारी, सप्टेंबरसाठी १५ जून ते ३१ जुलै.

अर्ज साधारण वीस मिनिटांचा आहे. तुमचा आणि नवऱ्याचा एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर जवळ ठेवा. उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं, कधी सात दिवस लागतात. दोघांपैकी एकानेच खातं उघडायचं. दोघांनी वेगवेगळी उघडली तर गोंधळ निस्तरायला आठवडे जातात.

पेरोलवाली

तारखा स्लाऊकरांनी चोख सांगितल्या. पण ताई, तुमचा अर्ज त्याच्याही आधी नवऱ्याच्या पगारावर नामंजूर होईल. तिकडे आधी लक्ष द्या.

दोन पालकांचं घर असेल तर दोघांनाही किमान कमाईची अट लागते. येत्या तीन महिन्यांत, आठवड्याला १६ तास किमान वेतनाने काम केल्यावर जेवढे पैसे होतील, तेवढे मिळायला हवेत. २१ वर्षं किंवा त्यावरील व्यक्तीसाठी २०२५-२६ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड आहे. १६ ने गुणलं की आठवड्याला १९५.३६, आणि १३ आठवड्यांचे २,५३९ पौंड. १८ ते २० वयासाठी हा आकडा २,०८० आणि १८ खालील किंवा अप्रेंटिससाठी १,५७० पौंड.

‘सोळा तास’ वाचून बरेच जण फसतात. प्रत्यक्ष किती तास काम केलं ते कुणी मोजत नाही, पैसे मोजतात. तासाला २५ पौंड घेणाऱ्याने आठवड्याला आठच तास काम केलं तरी २०० पौंड होतात आणि तो पात्र ठरतो. उलट डिव्हिडंड, बँकेचं व्याज, घरभाडं, पेन्शन यातला एकही पौंड किमान कमाईत धरत नाहीत.

नवऱ्याचे ६,५०० म्हणजे तीन महिन्यांचे १,६२५ पौंड. डिव्हिडंड कितीही मोठा असला तरी इथे तो शून्य. म्हणून आज अर्ज केला तर बाळाचे ३० तास मिळणार नाहीत, आणि मोठीलाही जास्तीचे १५ मिळणार नाहीत. तिला मिळतात ते १५ तास तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला मिळतात, त्याला आईवडिलांच्या नोकरीची अट नाही. तुम्हाला आजवर ही अडचण जाणवली नाही, ती त्यामुळेच.

यातून मार्ग काढण्यासाठी पगार महिन्याला ८५० पौंड करा. वर्षाचे १०,२०० होतात. हे वैयक्तिक करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे १२,५७० च्या आत आहे, त्यामुळे या पगारावर त्याचा एनआय कापला जात नाही. पगारापुरता इन्कम टॅक्सही नाही, मात्र डिव्हिडंडसाठी मोकळी उरणारी मर्यादा तेवढी कमी होते. कंपनीला मात्र ५,००० च्या वरच्या रकमेवर १५ टक्के एम्प्लॉयर एनआय भरावा लागतो. ६,५०० वरून १०,२०० वर गेल्याने जास्तीचा खर्च ३,७०० चे १५ टक्के, म्हणजे वर्षाला ५५५ पौंड. एकटाच डायरेक्टर आणि तोच एकमेव कर्मचारी असेल तर एम्प्लॉयमेंट अलाउन्स (एम्प्लॉयर एनआयमधली सूट) मिळत नाही, म्हणून हे ५५५ खरोखर जातात. पण पगार आणि हा एनआय दोन्ही कंपनीच्या खर्चात पडतात, त्यामुळे कॉर्पोरेशन टॅक्स तेवढा कमी होतो. दोन मुलांच्या तासांपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

दोन गोष्टींत चूक करू नका. पगार दर महिन्याला पेरोलमधून दाखवा. काही छोट्या कंपन्या वर्षाचा पगार मार्चमध्ये एकदम दाखवतात. एचएमआरसी (कर खातं) अर्ज तपासताना पेरोलच्या नोंदी बघतं, आणि तिथे तीन-तीन महिने शून्य दिसलं की प्रश्न येतात. दुसरं, ८५० हा २०२५-२६ चा आकडा आहे. एप्रिलमध्ये किमान वेतन बदललं की १६ तासांचा गुणाकार पुन्हा करा आणि पगार त्या हिशेबाने वाढवा. जुन्याच पगारावर राहिलात तर एप्रिलनंतरच्या कन्फर्मेशनमध्ये कोड जाईल.

स्वतःचा धंदा लिमिटेड कंपनीशिवाय, सोल ट्रेडर म्हणून सुरू करून बारा महिने झाले नसतील तर किमान कमाईची अट लागत नाही. जुन्या सोल ट्रेडरला तीन महिन्यांऐवजी पूर्ण कर-वर्षाची सरासरी धरायची मुभा असते. तुमच्या नवऱ्याला यातलं काही लागू नाही, तो कंपनीचा नोकर धरला जातो.

तुम्ही स्वतः रजेवर आहात त्याची काळजी नको. मोठीच्या अर्जासाठी मॅटर्निटी लीव्हवरची आई कामावरच असल्यासारखी धरतात. नवऱ्याचा पगार नोव्हेंबरपासून बदला, मग अर्ज करा. एकाच अर्जात दोन्ही मुलं घाला. मोठीचेही ३० तास १ जानेवारीपासून सुरू होतील.

मिल्टन कीन्सकर

व्हिसाचं मी सांगतो.

या योजनेत दोघांपैकी एकाची इमिग्रेशनची अट पूर्ण झाली तरी चालते. ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस, किंवा पब्लिक फंड्स घेण्याची परवानगी, यातलं एक हवं. आयएलआर असल्याने तुम्ही बसता. नवऱ्याच्या ई-व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ आहे त्याने अर्ज अडत नाही. फक्त अर्जदार तुम्ही व्हा, खातं तुमच्या नावाने उघडा. नवऱ्याने उघडू नये. कमाईच्या अटीसाठी त्याची माहिती जोडीदार म्हणून द्यावीच लागते, ती द्या.

इथे वाचणाऱ्या बऱ्याच घरांत मात्र दोघेही स्किल्ड वर्कर किंवा त्याच्या डिपेंडंट व्हिसावर असतात. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो: दोघांच्याही व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ असेल तर नोकरदार पालकांचे ३० तास मिळत नाहीत, टॅक्स-फ्री चाइल्डकेअरही (मुलांच्या सांभाळाच्या खर्चात सरकार घालतं ती भर) मिळत नाही. पगार कितीही असो, कर कितीही भरलेला असो. “आम्ही कर भरतो, मग का नाही?” हा प्रश्न रास्त आहे, पण त्या जोरावर अर्ज करू नका. व्हिसाची अट मोडल्याचा ठपका पुढच्या अर्जांत त्रास देतो.

बाळाचा पासपोर्ट कोणता याने काही फरक पडत नाही. बाळ इथे जन्मलं, अगदी ब्रिटिश नागरिक असलं, तरी बघतात ते आईवडिलांचं स्टेटस.

मग अशा घरांना काय मिळतं? तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाचे १५ तास त्यांच्याही मुलांना मिळतात. ते पब्लिक फंड्समध्ये मोडत नाहीत. तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या टर्मपासून सुरू होतात आणि कोड लागत नाही, नर्सरीत थेट सांगायचं. दोन वर्षांच्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. व्हिसामुळे बेनिफिट घेता येत नसतील आणि उत्पन्न कमी असेल, तर दोन वर्षांच्या मुलाला १५ तास मिळू शकतात. मर्यादा अशी: लंडनबाहेर एक मूल असेल तर घरचं वार्षिक उत्पन्न २६,५०० पौंडांपर्यंत, दोन किंवा जास्त मुलं असतील तर ३०,६००. लंडनमध्ये हेच आकडे ३४,५०० आणि ३८,६००. बचत १६,००० पौंडांपेक्षा जास्त नको. हा अर्ज एचएमआरसीकडे करायचा नाही, तुमच्या कौन्सिलकडे करायचा.

वॉटफर्डवाला

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या घरी अडचण उलटी आहे. माझा पगार ९८,००० पौंड आणि मार्चमध्ये ९,००० बोनस येतो. बायको ४५,००० वर आहे. दोघेही ब्रिटिश. मूल दोन वर्षांचं. या योजनेत वर्षाला एक लाख पौंडांच्या उत्पन्नाची जी वरची मर्यादा आहे, ती घरची मिळून असते का? आणि बोनसमुळे हे सगळं जाणार का?

पेरोलवाली

मर्यादा घरची नाही, प्रत्येकाची स्वतंत्र. दोघेही ९९,००० वर असतील, घरात १,९८,००० येत असतील, तरी पात्र. पण एकाचं जरी १,००,००० च्या एक पौंड वर गेलं तर दोघांचंही जातं. इथे हळूहळू कमी होणं नाही, थेट कडा आहे. या नियमाची ही बाजू मला अन्यायाची वाटते, पण तो असाच आहे आणि त्यानुसारच आखणी करावी लागते.

बघतात ते ‘ॲडजस्टेड नेट इन्कम’, आणि तेही चालू कर-वर्षाचं, ६ एप्रिल ते ५ एप्रिल. पगार, बोनस, व्हेस्ट झालेले शेअर, व्याज, डिव्हिडंड, भाडं हे सगळं मिळवायचं. त्यातून पेन्शनमध्ये टाकलेली रक्कम आणि गिफ्ट एड (धर्मादाय देणगी) वजा करायचं. आयसाचं (करमुक्त बचत खात्याचं) व्याज धरत नाहीत.

तुमचे १,०७,००० होतात. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे बोनस हातात यायच्या आधीच पेरोलला लेखी सांगून त्यातला हिस्सा सॅलरी सॅक्रिफाइसने (पगारातली रक्कम आधीच सोडून) पेन्शनमध्ये वळवणं. बोनस एकदा पेस्लिपवर आला की हा मार्ग बंद होतो. मग उरतो सिप, म्हणजे स्वतः उघडायचं खासगी पेन्शन खातं. त्यात तुम्ही ६,००० भरले की प्रोव्हायडर बेसिक रेटची सवलत जोडून ७,५०० करतो. वजा होतात ते ७,५००. म्हणजे तुम्ही ९९,५०० वर येता. सिपमध्ये पैसे ५ एप्रिलच्या आत जमा व्हायला हवेत, आणि शेवटच्या आठवड्यात बँक ट्रान्सफर अडकतात, म्हणून मार्चमध्येच भरा. नेमके एक लाखावर आणून थांबू नका, पाचशे-हजारचं अंतर ठेवा. विसरलेल्या एका खात्याचं व्याज पुरेसं असतं.

आणि भारतातलं उत्पन्न! इथेच आपल्या लोकांची चूक होते. तुम्ही यूकेचे टॅक्स रेसिडेंट असाल तर भारतातल्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याजही साधारणपणे इथे करपात्र असतं आणि या बेरजेत येतं. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथेही करमुक्त असेल असं समजू नका. भाड्यातून भारतात मिळते ती ३० टक्क्यांची सरसकट वजावटही इथे चालत नाही, प्रत्यक्ष झालेला खर्चच वजा होतो. शिवाय भारतातलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि इथलं ६ एप्रिलला, त्यामुळे बँकेचं वार्षिक सर्टिफिकेट जसंच्या तसं वापरता येत नाही.

क्रॉयडनची मावशी

आता नर्सरीच्या बिलाकडे येते, कारण रेडिंगच्या ताईंचा तो प्रश्न राहिलाय आणि त्याच्यावरूनच पालक-नर्सरीत सर्वांत जास्त कटुता येते.

आठवड्याला ३० तास हे वर्षाच्या ३८ आठवड्यांसाठी आहेत. म्हणजे वर्षाला १,१४० तास. ५२ आठवड्यांचे ३० तास कुणालाच मिळत नाहीत. पूर्ण वर्ष चालणाऱ्या नर्सऱ्या हे तास पसरवून देतात, त्याला ‘स्ट्रेच’ म्हणतात. नर्सरी ५१ आठवडे उघडी असेल तर १,१४० भागिले ५१, आठवड्याला २२.३५ तास.

समजा बाळ तीन दिवस जातं, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आणि नर्सरीचा दर तासाला ९ पौंड आहे. आठवड्याचे ३० तास झाले, त्यातले २२.३५ सरकारचे. उरलेले ७.६५ तास तुमचे, म्हणजे ६८.८५ पौंड. स्ट्रेच नको म्हणालात तर ३८ आठवडे तासांचं बिल शून्य येईल आणि उरलेल्या १३ आठवड्यांचं पूर्ण २७० पौंडांप्रमाणे येईल. वर्षाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच: १,५३० तासांतून १,१४० गेले, ३९० उरले, त्याचे ३,५१० पौंड. स्ट्रेचमध्ये ते महिन्याला सुमारे २९३ पडतात, इतकंच. त्यामुळे “स्ट्रेच करून नर्सरी आमचे तास खाते” हा समज सोडा. तीन दिवसांनाही बिल का येतं, याचं मुख्य उत्तर हे ३९० तास आहे.

एका दिवसात १० पेक्षा जास्त तास फंडेड धरता येत नाहीत. नर्सरी साडेसात ते साडेसहा असेल तर अकरावा तास तुमचाच. सकाळी ६ च्या आधी आणि रात्री ८ नंतरचे तासही चालत नाहीत. तास दोन ठिकाणी विभागता येतात, उदाहरणार्थ दोन दिवस नर्सरी आणि एक दिवस चाइल्डमाइंडर (आपल्या घरी मुलं सांभाळणारी व्यक्ती), पण एका दिवसात दोनपेक्षा जास्त जागा नकोत.

या उरलेल्या तासांसाठी टॅक्स-फ्री चाइल्डकेअर नक्की वापरा. अर्ज एकच असतो, खातंही तेच. तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ घालतं, मुलामागे तीन महिन्यांत ५०० पौंडांपर्यंत, अपंग मुलासाठी १,००० पर्यंत. वरच्या उदाहरणात ३,५१० पैकी ७०२ सरकार भरेल. मात्र ज्या बाळासाठी रजेवर आहात त्याच्यासाठी हे कामावर परतायच्या आधीच्या ३१ दिवसांतच सुरू करता येतं. युनिव्हर्सल क्रेडिटमधून (सरकारी भत्त्यातून) चाइल्डकेअरचा खर्च घेत असाल किंवा ऑफिसची जुनी चाइल्डकेअर व्हाउचर चालू असतील तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर मिळत नाही. फंडेड तास मात्र त्या दोन्हींबरोबर चालतात.

आता वरचे पैसे. जेवण, नॅपी, सनक्रीम, सहली यांचे पैसे नर्सरी मागू शकते, पण ते ऐच्छिक असले पाहिजेत. ते दिल्याशिवाय फंडेड जागा नाही, अशी अट घालता येत नाही. नको असतील तर डबा आणि नॅपी घरून आणू द्या, असं लेखी विचारा. कौन्सिल नर्सरीला जो दर देते तो नर्सरीच्या दरापेक्षा कमी असू शकतो, पण तो फरक फंडेड तासांवर ‘टॉप-अप’ म्हणून लावायला बंदी आहे. परत न मिळणारी रजिस्ट्रेशन फी हीसुद्धा फंडेड जागेची अट होऊ शकत नाही. परत मिळणारं डिपॉझिट चालतं. आणखी एक बघा: सकाळी ९ ते १२ फंडेड, १२ ते १ जेवणाचा तास तुमच्या पैशाने, पुन्हा १ ते ४ फंडेड, असं मधे तोडून लावलं असेल तर तेही मार्गदर्शक नियमांत बसत नाही.

बिलात फंडेड तास, जास्तीचे तास, जेवण, इतर वस्तू असे वेगवेगळे आकडे असायला हवेत. “एवढे वजा, एवढे द्या” अशी एक ओळ आली तर फोड मागा. मागताना जरा समजून घ्या, कारण समोरची मॅनेजर बहुधा कौन्सिलच्या कमी दराशीच झगडत असते. पण उत्तर मिळेपर्यंत मागत राहा. नाहीच मिळालं तर कौन्सिलच्या फॅमिली इन्फर्मेशन सर्व्हिसकडे तक्रार जाते, त्यापुढे लोकल गव्हर्नमेंट ओम्बड्समनकडे.

जागेची चौकशी मात्र कोडची वाट न बघता आजच करा. कोड मिळाला म्हणजे जागा मिळाली असं नाही. नर्सरीला फंडेड जागा द्यायची सक्ती नसते, आणि बाळांच्या खोलीत जागा नेहमीच कमी असतात, कारण दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस लागतो.

बाळाची आई, रेडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. एचआरला ईमेल केलं, आणि नवऱ्याने अकाउंटंटला महिन्याला ८५० लावायला सांगितलंय. एकच शंका उरली. दर तीन महिन्यांनी कन्फर्म करायचं राहून गेलं तर मुलाची जागा लगेच जाते का? आणि नर्सरीला नेमकं काय काय द्यायचं?

स्लाऊकर

नर्सरीला तीन गोष्टी द्या: अकरा आकडी कोड, अर्जदाराचा म्हणजे तुमचा एनआय नंबर, आणि बाळाची जन्मतारीख. नर्सरी कोड तपासते आणि मग तुमच्याकडून पेरेंट डिक्लरेशनचा फॉर्म भरून घेते. त्यावर किती आठवड्यांत किती तास आणि कोणत्या दिवशी हे लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी ते मावशींनी दिलेल्या हिशेबाशी पडताळा. नवऱ्याचा एनआय नंबर दिला तर कोड जुळत नाही. “तुमचा कोड चालत नाही” असं नर्सरीने सांगितलं तर आधी हेच तपासा, मग जन्मतारखेतला दिवस-महिना उलटा पडलाय का ते.

कन्फर्म करायच्या तारखेच्या चार आठवडे आधी आठवण येते, पण ती स्पॅममध्ये जाऊ शकते. दोघांच्याही फोनमध्ये तारीख घाला. खात्यात दोन मुलं असली तरी कन्फर्म एकदाच करायचं असतं, मात्र दोन्ही कोडच्या तारखा पुढे सरकल्या का ते प्रत्येक वेळी उघडून बघा.

राहून गेलंच तर जागा त्याच दिवशी जात नाही, ग्रेस पिरियड मिळतो. तो किती, हे पात्रता कोणत्या तारखेला गेली त्यावर ठरतं. १ जानेवारी ते १० फेब्रुवारीत गेली तर ३१ मार्चपर्यंत. ११ फेब्रुवारी ते ३१ मार्चमध्ये गेली तर ३१ ऑगस्टपर्यंत. नोकरी गेली किंवा बदलली तरी हाच काळ हाताशी असतो, त्यात नवी नोकरी लागली की पुन्हा कन्फर्म करायचं. येत्या ३१ दिवसांत सुरू होणारी नोकरीही अर्जात धरतात.

पण ग्रेस पिरियड फक्त आधीपासून तास घेणाऱ्या मुलाला वाचवतो. त्या काळात नवीन मुलाला तास सुरू करता येत नाहीत, आणि नर्सरी बदलली तर नवी नर्सरी तो कोड घेऊ शकत नाही. तुमचं बाळ जानेवारीत पहिल्यांदाच जाणार आहे, म्हणून त्याचा कोड १ जानेवारीला पूर्ण चालू स्थितीत असायलाच हवा. नोव्हेंबरमध्ये काढला तर तो फेब्रुवारीपर्यंत जिवंत राहतो. फेब्रुवारीत पहिलं कन्फर्मेशन येईल तेव्हा तुम्ही कामावर नुकत्याच गेलेल्या असाल. तो पहिला महिना धावपळीचा असतो, म्हणून ते काम नवऱ्याने अंगावर घ्यावं.

आणखी एक, मोठीसाठी. ती जून २०२६ मध्ये चार वर्षांची होईल आणि सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला (शाळेच्या पहिल्या वर्गाला) जाईल. तिचे तास ३१ ऑगस्टपर्यंतच. नर्सरीने स्ट्रेच केलं असेल तर जुलै-ऑगस्टचे किती तास शिल्लक आहेत ते एप्रिलमध्येच विचारून ठेवा. रिसेप्शनच्या प्रवेशाचा अर्ज १५ जानेवारी २०२६ च्या आत कौन्सिलकडे जायला हवा, तोही याच धावपळीत येतोय.

डंडीकर

स्कॉटलंडमधले कुणी हे वाचत असतील तर हे कोड आणि कमाईचे नियम तुम्हाला लागू नाहीत. इथे तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षाला १,१४० तास मिळतात, पालक नोकरी करोत वा न करोत, आणि अर्ज कौन्सिलकडे असतो. नऊ महिन्यांच्या बाळासाठी मात्र इंग्लंडसारखं काही नाही. वेल्समध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना ३० तास मिळतात, कमाईची अट आहे, पण ते वर्षाला ४८ आठवडे असतात. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर सगळीकडे सारखंच आहे.